राखणदाराचा कातळ आणि माझी मिशी

बायकोची दोरी धरावी तर मीच! सावंतवाडीपासून दोडामार्गापर्यंत असा दुसरा नवरा दाखवा, मी पतपेढीतली नोकरी सोडतो. संचिता कातळावर चढते आणि मी खाली उभा राहून तिची दोरी सांभाळतो. ती चढेल तशी सैल सोडायची, ती सुटली की गच्च धरायची. लोक म्हणतात, त्यात काय एवढं? अहो, बायको झाडाच्या शेंड्याएवढी वर लटकलेली असताना एकदा शिंक दाबून बघा!

संचिता शाळेत खेळाची शिक्षिका. लग्नाआधी पुण्यात बनावट भिंतींवर चढायला शिकली आणि परत इकडे आल्यावर खऱ्या कातळाच्या शोधात मला वणवण फिरवलं. शेवटी आंबोली घाटाच्या पायथ्याशी एका वाडीमागे तो सापडला. काळा, उभा. बेळगावच्या कुणी पोरांनी त्यात बोल्ट ठोकून ठेवलेत आणि सगळ्यात वर एक लोखंडी कडी. त्या कडीत दोरी अडकवली की कातळ जिंकला. पण कडीच्या जरा खाली कातळाला पोट सुटलंय आणि नेमकी तिथेच संचिता सुटते. दोन हिवाळे हेच चाललंय. गेल्या खेपेला ती परतताना स्कूटरवर मागे बसून रडत होती आणि मी शहाणा, तिला थंडी वाजतेय असं समजून स्कूटर हळू चालवत होतो.

"यंदा नाही जमलं तर ही दोरी विहिरीवर देऊन टाकीन," ती म्हणाली होती. आणि ती बोलते तसं करते.

तर डिसेंबरातल्या त्या रविवारी आम्ही पोचलो. सामान काढतोय तोच वाडीतले गंगारामकाका काठी टेकत आले. देवळातले मानकरी ते. नारळ आणलात काय, म्हणून विचारू लागले. या कातळाला राखणदार आहे, जागा राखणारा देव, आणि आदल्या दोन्ही खेपांना तुम्ही त्याला विचारलंतच नाही, मग तो वर सोडेल कशाला? मला पटलं. दोन वर्षं मी उगाच त्या पोटाला दोष देत होतो! नारळ काकांनीच घरून आणला. मी संचिताला म्हटलं, तू तुझ्या गाठी मार, गाऱ्हाण्याचं खातं माझ्याकडे.

आता गाऱ्हाणं म्हणजे देवाशी चारचौघांत मोठ्याने केलेलं बोलणं. एकाने देवाला सांगत जायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सांगणारा काय सांगतोय ते आमच्याकडे कोण ऐकतो? डोळे मिटायचे, सूर लागला की साथ द्यायची. लहानपणापासूनची सवय. मला झोपेत उठवून उभं केलंत तरी मी वेळेवर 'व्हय म्हाराजा' म्हणेन. त्या दिवशीही काका सांगत गेले आणि मी म्हटलं, छाती भरून म्हटलं, आणि शेवटच्याला तर जरा जास्तच जोरात.

संचिता चढू लागली. कशी चढत होती म्हणून सांगू! पालीसारखी सरसर. मी दोरी सोडतोय, गंगारामकाका शेजारच्या दगडावर बसून माझ्याकडे बघतायत. कातळाकडे नाही, माझ्याकडे. आधी खांदे बघितले, मग कंबर.

"मिशी आजच काढशात, काय जत्रेदिवशी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुणाची मिशी?

मग काकांनी शांतपणे उलगडा केला. वाडीची जत्रा शुक्रवारी. पोरं दरवर्षी दशावतार करतात. त्यांचा बायकांची कामं करणारा गडी ऐन वेळी गोव्याला हॉटेलात नोकरीला लागला. म्हणून काकांनी आत्ताच देवाला सांगितलं होतं, की ही लेक वरच्या कडीला हात लावून सुखरूप खाली आली, तर तिचो घोव, म्हणजे नवरा, म्हणजे मी, जत्रेत लुगडं नेसून राणीचं काम करील!

"आणि तुमीच म्हटलात, व्हय म्हाराजा," काका म्हणाले. "देवाक सांगितला ता सांगितला."

शुक्रवारच्या जत्रेला माझी अख्खी सासुरवाड येते. पतपेढीचे अध्यक्ष पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसतात. आणि ही मिशी मी कॉलेजपासून जपलीय, हो!

वर बघितलं तर संचिता पोटाखाली पोचली होती. आता सगळी भिस्त त्या पोटावर.

मी हाक मारली, दमली असशील, उतर खाली. ती हसली आणि म्हणाली, आज छान वाटतंय. मी म्हटलं, तुझा खांदा दुखत होता ना. ती म्हणाली, तो गेल्या वर्षी. मी म्हटलं, आभाळ भरून आलंय. डिसेंबरात! काकांनीसुद्धा वर बघून मान हलवली.

आणि ती पोट ओलांडून गेली. दोन वर्षं जिथे सुटायची, तिथून एक पाय कानाजवळ नेऊन, कशी कोण जाणे, पार झाली.

"लवू, दोरी सोड!" तिने वरून मला हाक दिली.

कडी तिच्या हाताशी होती. दोरी ओढून त्यात अडकवायची, बस. आणि दोरी माझ्या मुठीत. नाही सोडली तर ती अडकवू शकणार नाही, हात भरून येतील, सुटेल. मी तिला अलगद झेलेन, समजूत घालीन, मिशी शाबूत! खोटं कशाला बोलू, क्षणभर मूठ आवळलीच. मग दिसलं की तिचा पाय थरथरतोय आणि तरी ती कडीवरची नजर काढत नाहीये. मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. भराभर हातभर दोरी सोडून दिली.

खट्ट. अडकली!

मी मिशीबिशी सगळं विसरलो. तिथल्या तिथे, दोरी हातात धरून, थयथय नाचलो. काका दगडावरून म्हणाले, "पाय बरे पडतत हां." तेव्हा भानावर आलो.

संचिताला खाली घेतलं. तिने गळ्यात हात टाकले, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, ऐक, एक घोटाळा झालाय. काकांनी गाऱ्हाण्यात काय सांगितलं ते...

"ऐकलं की मी," ती डोळे पुसत म्हणाली. "मी काय डोळे मिटून उभी नव्हते. पोटाखाली हात सुटायला आला ना, तेव्हा तुला लुगड्यात डोळ्यांसमोर आणलं. मग म्हटलं, आता मेले तरी सुटायची नाही."

तर जत्रा शुक्रवारी आहे. आलात तर बरंच, पण राणी आली की जरा सोलकढी प्यायला वगैरे उठा.