पाइपाचा घाम

मी त्या पाइपाच्या वाटेला गेलो नसतो तर पुढचं काहीच झालं नसतं, असं आमच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचं मत आहे. (आमच्या घरात माणसं दोनच.)

झालं काय, आमच्या खाली फुलांचं दुकान आहे. फुलं ताजी राहावीत म्हणून दुकानात एक थंडगार खोली, आणि तिचं यंत्र गच्चीवर. त्यामुळे एक गार पाइप आमच्या मागच्या खोलीत छताखालून आरपार गेलाय. त्या खोलीत बायको व्हायोलिनं दुरुस्त करते. परवा हवा भयंकर दमट होती. बायको सकाळीच कामाला बाहेर पडलेली, मी रजेवर. आणि मागच्या खोलीत टपटप सुरू झाली.

मी फुलवाल्याच्या मेकॅनिकला फोन लावला.

"अहो, पाइप फुटलाय!"

"कोरडा पुसून बघा. एकाच जागी ओल येते का सगळीकडे?"

मी पुसला. पाच मिनिटांत पाइपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक थेंब.

"सगळीकडे."

"मग फुटलेला नाही, साहेब. हवेतलं पाणी गार पाइपावर जमतंय. घाम आलाय म्हणा ना! उद्या येऊन फोम गुंडाळतो. तोवर खाली बादली ठेवा, आणि दुसरं काही करू नका."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

बादली एक आणि थेंब पडायच्या जागा चौदा. मी आधी पाइपाला टॉवेल गुंडाळला. अर्ध्या तासात तो भिजून बायकोच्या टेबलावर धार धरायला लागला. टेबल पुसता पुसता मला एकदम सुचलं, की पाणी अडवायचंच कशाला? त्याला आपण सांगू तिथं पडू दे! पाइपाला कपाटाच्या बाजूला थोडा उतार होता. मी स्टुलावर चढून अख्ख्या पाइपाला डोक्याचं तेल चोळलं, म्हणजे थेंब चिकटून न बसता घसरतील. उताराच्या टोकाजवळ सुतळी बांधली, ती ताठ राहावी म्हणून खाली एक नट लटकवला आणि बरोबर त्याखाली, कपाटाच्या माथ्यावर, पातेलं ठेवलं.

आणि चाललं की हो! थेंब पाइपावरून घसरत यायचा, सुतळी धरून उतरायचा आणि पातेल्यात पडायचा. माझं इतकं निमूटपणे आजवर कुणी ऐकलं नव्हतं. (ऑफिसातला पंखासुद्धा माझ्या हातानं सुरू होत नाही.) मी समाधानानं जेवलो आणि जरा आडवा झालो.

चार वाजता उठून बघतो तर पातेलं कोरडं ठणठणीत! वर पाहिलं. तेलावरून सुतळीची गाठ वीतभर सरकली होती, आणि थेंब आता शेजारच्या व्हायोलिनच्या काळ्या पेटीच्या फटीत शिस्तीत उतरत होते.

ती पेटी! एका मोठ्या वादक बाईंचं व्हायोलिन दुरुस्तीला आलं होतं. त्यांच्या आजोबांचं. संध्याकाळी सहाला कार्यक्रम, त्याआधी बाई ते घ्यायला येणार होत्या.

मी पेटी खाली घेऊन उघडली. व्हायोलिन उचललं तर आत खळखळ. तिरकं केलं तर भोकातून अर्धा कप पाणी माझ्या पायावर. मी ते पुसलं, फुंकर मारली, शेवटी बायकोचा हेअर ड्रायर आणला. आधी मंद ठेवला. मग घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण सोडला.

'टक्' असा आवाज झाला. व्हायोलिनची पुढची फळी एका कडेनं पाकिटासारखी उघडली होती.

मी ती दोन्ही हातांनी दाबून छातीशी धरली. आजोबा, नात, सहा वाजता भरलेलं सभागृह, सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं. तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"अरे, काय झालं? असा का बसलायस?"

"बाईंना फोन कर," मी कसाबसा म्हणालो. "मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे. कार्यक्रम पुढे ढकला म्हणावं."

"कशाला? त्यांचं व्हायोलिन मी सकाळीच सभागृहात पोचवलंय. आत्ता तारा जुळवूनच येतेय."

"मग हे?"

तिनं जवळ येऊन नीट पाहिलं. "हे तुझं. शिकतो म्हणून आणलं होतंस, दोन दिवस वाजवलंस."

मी फळी सोडली. ती आणखी उघडली.

"जोडता येईल ना गं?"

"येईल. पण शेजारच्यांना विचारून जोडू."

माझ्या जिवात जीव आला, आणि बायकोच्या हुशारीचं मनापासून कौतुकही वाटलं.

"पण काय गं, घ्यायला बाई स्वतः येणार होत्या ना? पाइप आजच गळणार हे तुला कळलं तरी कसं?"

"पाइपाचं मला काय माहीत?" ती ओला टॉवेल पिळत म्हणाली. "तू रजा घेतलीस, एवढंच माहीत होतं."