सायकल शेण देते काय?

पुंजारामभाऊंकडे पाहुणा आला की ते आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसत. तो बैलगाडीनं आलाय का, ते बघत.

मी बाभुळगावकडच्या त्या गावात नवा मास्तर. ओळख करून घ्यायला सायकलवर त्यांच्या शेतातल्या घरी गेलो. त्यांनी सायकलभोवती एक चक्कर मारली.

"मास्तर, हे शेण देते काय?"

"नाही."

"मंग कायले पोसून राह्यले?"

मला कोरा चहा मिळाला. मागून आलेल्या गाडीवाल्याला दुधाचा, वर भाजलेलं कणीस. त्याचे बैल भाऊंनी स्वतः सोडले आणि शेण पडेपर्यंत पुन्हा जुंपू दिले नाहीत.

पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा माणूस टोपलं घेऊन वऱ्हाडाच्या बैलांमागे! व्याही तापले, तर म्हणाले, "वऱ्हाड नुसतं खाऊनच जाईन काय?"

हे सगळं खत मका आणि वालाला. मका गुडघ्याला लागला की बुडाशी वाल टोचायचा आणि वेल त्याच्यावर चढवायचा. नुसता मका त्यांना बघवत नसे. लोकांच्या शेतातही गुपचूप वाल टोचून येत. कुणी भांडायला आलं की म्हणत, "एकला उभा होता न बाप्पा!"

पुढे सडक झाली, मोटर आली आणि गाड्या आटल्या. भाऊंनी एकदा चक्क मोटरला हात दाखवला.

"कुठं जायचं?" कंडक्टर ओरडला.

"कुठीच नाही. तुमीच उतरा, चहा घ्या."

कंडक्टरनं काय सांगितलं ते मास्तरानं लिहू नये.

यंदा भाऊंचं खत कमी पडणार, म्हणून मी एकाची गाडी मागून घेतली आणि कशीबशी हाकत नेली. बैलांनी अंगणातच काम केलं. मी टोपलं भरून मोठ्या ऐटीत मागे गेलो, तर खताचा खड्डा काठोकाठ भरलेला! शेजारी दुसरा, तोही भरलेला.

"भाऊ, मग गाड्या कशाला थांबवता?"

ते बैलाच्या मानेवर हात फिरवत राहिले.

"सायकलवाला चहा पिते अन् जाते. बैल सोडले का मानूस घडीभर बसते. बुढी गेल्यापासून घरात कोनी बोलत नाही, मास्तर."

एवढे दिवस मी त्या माणसाला हसत होतो.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जाई. बांधाच्या अलीकडे उतरून चाकातली हवा सोडून देई आणि सायकल ढकलत अंगणात शिरे.

"पंक्चर झाली, भाऊ. बसावं लागेल."

"बसा न मंग," असं म्हणून ते चहात दूध घालत.