मगदूम आण्णांचं खरकटं

सकाळी दार वाजवून शेजारी काय मागतात? विरजण, नाहीतर पेपर. आमच्या वरच्या मजल्यावरचे मगदूम आण्णा खरकटी भांडी मागायचे.

"वैनी, काय खरकटं हाय काय? चमचं असलं तर बेस."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, म्हातारा चळला बहुतेक!

तसं नव्हतं. बायको गेल्यावर अमेरिकेतला मुलगा आला आणि जाताना बापाला भांडी धुवायचं मशीन घेऊन देऊन गेला. तेव्हा कोल्हापुरात असलं मशीन कुणी पाहिलेलं? अख्खी बिल्डिंग बघायला लोटली. पण एकट्या माणसाची भांडी ती किती! मशीन भरेपर्यंत आमटीचे चमचे आत तसेच पडून राहायचे आणि गंजाचे ठिपके धरायचे.

आण्णांचा उभा जन्म शिरोलीच्या फाउंड्रीत गेलेला. गंज दिसला की त्यांचं डोकंच फिरायचं. "गंज म्हंजे आळस. लोखंडाचा न्हवं, माणसाचा!"

चमचे लावण्याचं त्यांचं शास्त्र ऐकावं. एक उभा, एक उलटा. "चमच्याला चमचा चिकटून बसला की डाग पडलाच, भावकीगत!" चांदीची वाटी स्टीलपासून लांब. बोरचं पाणी जड, म्हणून मशीनच्या पोटात त्याचं वेगळं मीठ. मशीन थांबलं रे थांबलं की दार उघडून वाफ घालवायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक चमचा पुसून खिडकीत उजेडाला धरायचा. लग्नातसुद्धा चमचा असाच वर धरून वाढप्याला विचारायचे, "पावणं, ह्यो कुठल्या पाण्यानं धुतलाय?"

अडचण एकच. आण्णा जैन, मटणाचं भांडं चालायचं नाही, आणि गोळा करायला यायचे नेमके रविवारी! कोल्हापुरात रविवारी बिनमटणाचं घर कुठनं आणायचं?

"आण्णा, सोमवारी या की."

"सोमवारी काय उपेग न्हाय, वैनी."

का उपयोग नाही? ते काही सांगायचे नाहीत. मग मी आपली पोह्यांच्या बश्या आणि चमचे द्यायची. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून दुपारी प्रत्येक बशीत चिमूटभर साखर यायची. पण त्या रविवारचं कोडं काही माझ्या डोक्यातून जाईना.

एका रविवारी नणंदेची माणसं अचानक टपकली. घरात चमचे कमी पडले, म्हणून मी तरातरा वर गेले. दार उघडंच होतं. मशीन घुंघुं करत होतं आणि आण्णा फोनची वायर ताणून रिसीव्हर मशीनजवळ धरून उभे होते.

"ऐकू येतंय न्हवं? व्हय, पंगतीचीच भांडी. शेजारची समदी जेवाय आलती की. घर नुसतं भरल्यालं." मग जरा चढ्या आवाजात, "नोकरी सोडून येतो म्हणू नगंस पुन्हा. एकटं ऱ्हायला मला येळ कुठाय रं?"

फोन ठेवला आणि वळले, तर दारात मी. "आमचे चमचे हवे होते," मी म्हणाले. आण्णांनी मशीन बंद करून आमचे चमचे शोधले, पुसले, उजेडाला धरले.

मुलाचा फोन रविवारी यायचा, म्हणून सोमवारचा उपयोग नव्हता! मला रडू आलं आणि रागही आला. अहो, वरच्या मजल्यावर माणूस एकटा जेवतोय आणि आपण त्याला नुसतं खरकटं देतोय!

घरी येऊन ह्यांना सांगितलं, "पुढच्या रविवारी मटण नाही." ह्यांचा चेहरा असा झाला, जणू मी माहेरी निघाले. पण ऐकलं बिचाऱ्यांनी.

पुढच्या रविवारी फोन यायच्या आधी, अकराच्या आत बिनकांद्यालसणाची आमटी, दोडक्याची भाजी, भात आणि घरातली सगळी ताटं घेऊन आम्ही वर गेलो. आण्णांनी ताटं उलटसुलट करून बघितली.

"वैनी, ही तर धुतल्याली हायत."

"मग बसा की जेवायला. खरकटी झाली की लावा मशीन."

बसले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. तेवढ्यात फोन वाजायला लागला. मला वाटलं, आता धावतील. पण आण्णा पाटावरून हलले नाहीत. आमटी कालवता कालवता म्हणाले,

"वैनी, तुम्हीच उचला. माझा हात खरकटा हाय म्हणावं."