टिपणीसांकडची मंडळी

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्या कुरियरवाल्याचं पहिलं भांडण नलूताई टिपणीसांकडच्या काकांशी झालं. दार उघडं, जाळीतून काका समोर खुर्चीत पेपर वाचताना दिसतायत आणि हा बिचारा ओरडतोय, "ओ काका, सही पाहिजे! अहो, ऐकायला येत नाही का?" काका ढिम्म. शेवटी तो चिडून माझ्या दारावर आला. "समोरचे बघा ना मॅडम, किती माज!"

मी त्याला जाळीपाशी नेलं आणि म्हणाले, "नीट बघ." त्याने पाहिलं. काकांच्या हाताच्या शिरा, कानातले केस, चष्म्याचा नाकावरचा व्रण, सगळं पाहिलं आणि म्हणाला, "बघितलं. श्वास घेत नाहीयेत. डॉक्टरला बोलवू?"

तर ते काका म्हणजे बाहुला. पण हा शब्द नलूताईंसमोर काढायचा नाही. "बाहुल्या पोरी खेळतात," त्या म्हणत. "ही मंडळी आहेत." मंडळी एकूण चार. पेपरवाले काका, मांडीवर सूप घेऊन मेथी निवडणारी बाई, कानात हेडफोन घालून खिडकीबाहेर बघणारी कॉलेजची मुलगी आणि सुती साडी नेसून, मांडीवर पर्स धरून बसलेली एक मध्यमवयीन बाई. उंची-जाडी खऱ्या माणसाची. केस एकेक करून सुईने रोवलेले. मुलगी तर इतकी हुबेहूब, की माझ्या सासूबाई तिला पहिल्यांदा पाहून म्हणाल्या, "आजकालच्या मुली मोठ्यांकडे बघतसुद्धा नाहीत."

मी एकदा विचारलं, "ताई, यांना नावं नाही ठेवलीत?"

"नावं मी जिवंत माणसांना ठेवते," त्या म्हणाल्या.

ते मात्र खरं. वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कंपनीत नलूताईंनी आयुष्यभर माल तपासला होता. पट्ट्यावरून बाटल्या येणार, नलूताई डोळे बारीक करणार आणि म्हणणार, "नापास." रिटायर झाल्या तरी पट्टा थांबला नव्हता. नौपाड्यातला भाजीवाला त्या दिसल्या की स्वतःच गवार पुन्हा निवडायला घ्यायचा. माझ्या नवऱ्याची मिशी त्यांनी नापास केली. त्याने ती काढली, आणि मग ओठ नापास झाला.

मंडळी घडवणारा रोहिदास कोलशेतला एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. संग्रहालयांसाठी पुतळे करणारा, मोठ्या नावाजलेल्या प्रदर्शनांतून काम मांडलेला माणूस; पण नलूताईंची रिक्षा शेडसमोर थांबली की त्याच्या कपाळाला घाम. एकदा मी सोबत गेलेले. मेथीवाली बाई तयार होती आणि इतकी जिवंत, की मी तिला बघून "सॉरी" म्हणत बाजूला झाले. नलूताईंनी तिची बाही वर केली.

"नापास. रोहिदास, पन्नाशीच्या बाईचं कोपर असं गुळगुळीत असतं? ओट्यावर टेकून टेकून काळं पडतं ते."

"ताई, बाहीच्या आत आहे. कोण बघणार?"

"मी बघितलं ना."

कोपर काळं झालं, तेव्हाच बाई घरी आली.

मग आमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचं ठरलं. स्लॅबचे पोपडे पडत होते. तळमजल्यावरच्या देसाईंच्या तर जेवणाच्या टेबलावरच एक भलामोठा तुकडा पडला. सगळ्यांनी भराभर सह्या केल्या. राहिली फक्त नलूताईंची. बिल्डरचा माणूस आणि आमचे सेक्रेटरी सामंत त्यांच्याकडे गेले. खुर्च्यांवर मंडळी, दोघांना बसायला जागा नव्हती, म्हणून ते उभेच.

"माझी हरकत नाही," नलूताई म्हणाल्या. "पण ही मंडळी तोवर कुठे राहणार, ते आधी ठरवा. मग सही."

"आमच्या गोडाऊनला ठेवू की," बिल्डरचा माणूस म्हणाला. "प्लास्टिकात पॅक करून एकदम व्यवस्थित."

"तुम्ही राहाल का पॅक होऊन?"

"अहो टिपणीसबाई," सामंत रडकुंडीला आले, "दोन पावसाळे अजून काढले तर बिल्डिंग अंगावर येईल. चार बाहुल्यांपायी—"

"सामंत, तुम्ही बाहेर जा."

सामंत बाहेर आले ते थेट माझ्याकडे. "तुमचं ऐकतात त्या. काहीही करा."

माझं त्या ऐकत नव्हत्या, पण घरं बघायला मी सोबत जायला लागले. ठाण्यात जमेना, म्हणून डोंबिवली. तिथला पहिला एजंट मोठा हसतमुख होता.

"फॅमिली किती, आंटी?"

"पाच जण."

"अरे वा. बाकीचे जॉबला?"

"नाही. बसून असतात."

"सगळे?"

"सगळे."

मी मध्ये पडून खरं काय ते सांगितलं, फोटो दाखवले, आणि एजंटचं हसू मावळलं. त्यानंतर आम्ही किती जिने चढलो! कोणी म्हणालं, आमच्या घरात लहान मुलं आहेत. कोणी म्हणालं, वास्तूला बरं नाही. मी एकदा सुचवलं, की मालकांना आधी सांगूच नये, सामान म्हणून आणावं. नलूताई जिन्यातच थांबल्या. गुडघ्यावर हात होता, दम लागला होता.

"लपवायला मी काय चोरी केलीय? पुढचं घर बघू. चल."

शेवटी पूर्वेला लेलेबाई भेटल्या. एकट्याच राहायच्या. खालचा मजला त्यांचा, वरचा भाड्याने. त्यांनी फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिले.

"यांना पाणी लागतं का?"

"नाही," नलूताई म्हणाल्या.

"मग येऊ देत. इथे पाण्याचीच भानगड असते."

त्याच संध्याकाळी नलूताईंनी सही केली. सामंतांनी बिल्डिंगभर पेढे वाटले.

सामान हलवायच्या दिवशी नवी भानगड. मंडळींना टेम्पोत आडवं ठेवायचं नाही, असा नलूताईंचा हुकूम. त्यामुळे चौघं खुर्च्यांवर, खुर्च्या दोरीने बांधलेल्या, आणि आम्ही मागून रिक्षात. शिळफाट्याला ट्रॅफिक हवालदाराने टेम्पो अडवला.

"मालाच्या गाडीत माणसं? उतरा सगळे. ओ काका, तुम्हाला सांगतोय! वय काय, करता काय!"

नलूताई रिक्षातून उतरल्या. "काका उतरणार नाहीत. तुम्ही चढा आणि हात लावून बघा. हात आधी पुसून घ्या."

हवालदाराने खरंच रुमालाने हात पुसले. वर चढला, काकांच्या मनगटाला बोट लावलं आणि झटका बसल्यासारखा मागे आला. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. तो खाली उतरला, नलूताईंकडे पाहिलं, मग हेडफोनवाल्या मुलीकडे पाहिलं. "ही पण?" त्याने हळूच विचारलं. आणि टेम्पो सोडला.

संध्याकाळपर्यंत लेलेबाईंकडे सामान लागलं. काका खिडकीशी, मेथीवाली स्वयंपाकघराच्या दाराशी. राहिली पर्सवाली बाई. तिला नलूताईंनी स्वतः उचललं. हॉलमध्ये अशी बसवली, की तिचं तोंड आतल्या खोलीच्या दाराकडे. मग आत जाऊन पलंगावर आडव्या झाल्या, मान वळवून पाहिलं, बाहेर आल्या, खुर्ची जराशी डावीकडे सरकवली.

"पलंगावरून दिसायला हवी का?" मी सहज विचारलं.

नलूताई बाईच्या साडीच्या निऱ्या सारख्या करत होत्या. खाली बघूनच बोलल्या.

"आई पलंगावर होती ना शेवटची वर्षं. तू यायच्या आधीची गोष्ट. दार उघडं ठेवलं की तिला हॉल दिसायचा. पहिल्या वर्षी भेटायला खूप जण यायचे. मग कमी झाले. मग कोणीच नाही. लोकांना कामं असतात, त्यांचं काही चुकलं नाही. पण ती दिवसभर विचारायची, कोण आलंय गं? मी रोज सांगायचे, कोणी नाही. एकदा रोहिदासचं प्रदर्शन लागलेलं, तिथे ही बसली होती. मी म्हटलं, ही द्या."

"आणि आईंना खरं वाटलं?"

"नजर अधू झालेली. घरी आणून बसवली, तर लगेच म्हणाली, अगं, त्यांना चहा दिलास का? मी चहा ठेवला. मग रोजच दोन कप करायचे. एक हिच्यापुढे ठेवायचा आणि नंतर आपणच प्यायचा." त्यांनी बाईच्या मांडीवरची पर्स सरळ केली. "तिला कळलं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही. एकदा एवढंच म्हणाली, या बाई फार बोलत नाहीत, पण बऱ्या आहेत. यांना उठायची घाई नसते."

लेलेबाईंच्या खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. बाहेर अंधारत होतं. ठाण्याला परत जायचं होतं, नवऱ्याचे दोन फोन येऊन गेले होते. मी पर्स उचलली आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागले.

"निघालीस?" नलूताई म्हणाल्या.

"हो, उशीर होईल."

"हं." त्यांनी एक खोका उघडला, बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गॅस लागलाय. चहाची भांडी वरच आहेत. बसतेस का थोडा वेळ?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी बस म्हटलं नव्हतं.

मी चपला काढल्या. लेलेबाईंच्या सोफ्यावर खोके होते, ते खाली ठेवले आणि बसले.