विमानाचा जीर्णोद्धार

अंबडच्या बाहेर, जालना रस्त्याला, वायुदलाचे एक जुने मालवाहू विमान बरीच वर्षे उभे होते. तरुणांना प्रेरणा मिळावी म्हणून सरकारने ते दिले होते. प्रेरणा कितपत मिळाली याची नोंद नाही. सावली मात्र चांगली मिळे, आणि तिच्यात शेळ्या बसत.

भुजंगराव याच जातीच्या विमानात माल भरण्या-उतरवण्याची नोकरी करून निवृत्त झाले होते. लग्नात त्यांनी पत्नीला, झुंबरबाईंना, विमानातून गंगा, म्हणजे इकडची गोदावरी, दाखवण्याचा शब्द दिला होता. आता झुंबरबाईंच्या दोन्ही डोळ्यांची नजर कमी होत चालली होती.

"डोळे गेल्यावर दाखवता का?" त्या म्हणाल्या.

भुजंगरावांनी विमान पुन्हा उडते करायचे ठरवले. सरकारी परवानगी मिळाली. या कथेतले आश्चर्य तेवढे एकच; पुढचे सगळे रीतसर झाले.

आपल्याकडे जुनी वस्तू नवी करण्याची एकच पद्धत आहे: जीर्णोद्धार. त्यामुळे समिती झाली, आणि अनेक मंदिरांचा अनुभव असलेले, नवीन जालना भागातले भागचंद शेठ अध्यक्ष झाले.

"भुजंगराव, तुम्ही नटबोल्ट बघा. देणगीदार आमच्यावर सोडा."

"पण विमानावर नावं कशाला पाह्यजेत, शेठ?"

"देवळातल्या पंख्यावर नाव नसलं तर वारं लागतं का?"

देणगीदार जल्दी मिळाले. चाके, दारे, खिडक्या, आसने, पंख्याची पाती, सगळे वाटले गेले. रंगातली नावे उन्हाने उडतात, म्हणून स्टीलच्या पाट्या ठरल्या. जालन्यात स्टीलला तोटा नाही. उजव्या पंखावरच्या पाट्या मोठ्या निघाल्या, तेव्हा डाव्या पंखाचे देणगीदार रागावले. त्यांच्याही पाट्या तेवढ्याच मोठ्या केल्या गेल्या. त्यामुळे विमानाचा तोल साधला. संपूर्ण कामात विज्ञानाला धरून झालेली गोष्ट ही एवढीच.

इंजिनांना मात्र देणगीदार मिळाला नाही. ती झाकणाखाली असतात. नाव दिसत नाही. ती भुजंगरावांनी स्वतःच खोलली, घासली आणि चालू केली.

विमान ट्रेलरवर घालून धावपट्टीवर नेण्यात आले. वायुदलातून निवृत्त झालेला एक वैमानिक तयार झाला. झुंबरबाई नवे लुगडे नेसून खिडकीशी बसल्या. नारळ फुटला, इंजिने गरजली, विमान धावले, धावतच राहिले, धावपट्टी संपली तरी धावले आणि कपाशीत जाऊन थांबले.

झुंबरबाई पदर झटकत खाली उतरल्या. "याच्यापेक्षा घनसावंगीची एसटी जास्त उडती," त्या म्हणाल्या.

सरकारी निरीक्षकांनी अहवालात लिहिले: वजन मर्यादेबाहेर. समितीची तातडीची बैठक झाली.

"पाट्या काढा," भुजंगराव म्हणाले.

"काढू की," शेठ म्हणाले. "आधी कोणाची?"

सगळे आपापल्या चहाकडे बघू लागले. मग सचिव श्रेयांस यांनी मार्ग सुचवला. ज्यावर कोणाचे नाव नाही ते आधी काढावे, म्हणजे कोणाच्या भावना दुखावणार नाहीत.

"झुंबरबाईंच्या नावाची पाटी आहे का?" त्यांनी विचारले.

"न्हाई," भुजंगराव म्हणाले.

"मंग त्यांना उतरवू."

ठराव एकमताने मंजूर झाला. भुजंगरावांनी हात वर केला नव्हता, पण ते समितीचे सभासद नव्हते. तरी वजन मर्यादेत बसेना. इंधनावर नाव नव्हते, म्हणून टाक्या रिकाम्या केल्या. तरी बसेना.

"इंजिनं राहिली," शेठ म्हणाले. "त्याच्यावर बिलकुल कोणाचं नाव न्हाई."

"अहो शेठ, इंजिन काढल्यावर उडंल कसं?"

"ते नंतरचं. आधी वजन तर बसू द्या!"

इंजिने निघाली. पंखे जागेवर राहिले, कारण पात्यांवर नावे होती. निरीक्षकांनी पुन्हा वजन केले. ते मर्यादेत बसले, आणि त्यांनी प्रमाणपत्र दिले: 'वजनाच्या दृष्टीने उड्डाणास पूर्णतः योग्य.' प्रमाणपत्राला चौकट बसवण्यात आली. चौकटीवर तिच्या देणगीदाराचे नाव आहे.

इंजिने आता भुजंगरावांच्या अंगणात आहेत. त्यांवर कापड पसरून झुंबरबाई कुरडया वाळवतात.

"मी अजून प्रयत्न करून राह्यलो," भुजंगराव एकदा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या. दिसतंय तवर एसटीनंच दाखवा गंगा."

ते दोघे एसटीने जाऊन आले. झुंबरबाईंना पाणी दिसले. पलीकडचा काठ दिसला नाही. तो आहे, असे भुजंगरावांनी सांगितले.

विमान परत जागेवर आले आहे, आणि बघायला गर्दी असते. येणारा प्रत्येक जण आधी आपले आडनाव शोधतो, सापडले की शेजारी उभा राहून फोटो काढून घेतो. पंख्यामागच्या रिकाम्या खोबणीत कोणी डोकावत नाही. तिथे चिमण्यांनी घरटे केले आहे, पाटी न लावता.

वाचकांपैकी काहींना हसू आले असेल. समितीची हरकत नाही. शेपटीवर थोडी जागा शिल्लक आहे. आपल्या वडिलांच्या नावाआधी श्री. लिहायचे की कै., तेवढे कळवावे.