सोमीबाईंचा एकटीचा नाच

सोमीबाई माणसाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, पायांकडे पाहतात. बदली होऊन मी धानोऱ्याच्या शाळेत आले आणि सामान उतरवत होते, तेव्हा ह्या शेजारीणबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. नाव नाही, गाव नाही, चहा घेता का नाही. पहिलं वाक्य, "मॅडम, तुमचा डावा पाय जमिनीवर रागावून पडते." त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून मी स्वतःच्याच अंगणात जपून चालते.

त्यांचं सगळं आयुष्य अंगणवाडीत गेलं. पोरांना अ-आ-इ येवो न येवो, ठेक्यात पाय टाकता आलाच पाहिजे, हा त्यांचा कायदा. "पाय पह्यले, बाकी मंग," हे पालुपद. एका वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाच्या मामाला भर रस्त्यात थांबवून त्यांनी त्याचे पाय सुधारून दिले. मामा लाजला, वरात खोळंबली, बँडवाले बिड्या ओढायला बसले. मी तिथून काढता पाय घेतला, कारण लोक शेवटी मलाच विचारतात, "तुमच्या शेजारीण ना ह्या?"

पण या खेपेस चूक माझीच. चंद्रपूरच्या भाचीनं मला फोनवर जाहिरात पाठवली. बेली डान्सची एक दिवसाची कार्यशाळा, चार वाजता कार्यक्रम, आणि शिकणाऱ्यांनाही मंचावर नाचायची संधी. सोबत एका नर्तकीचा व्हिडिओ. मी गंमत म्हणून तो सोमीबाईंना दाखवला. गंमत माणूस पाहून करावी, हे मला चाळिशी उलटली तरी कळलेलं नाही. त्यांनी व्हिडिओ चारदा पाहिला.

"हे बाई एकटीच नाचून राह्यली का?"

"हो."

"कोनाचा हात नाई धरला?"

"बेली डान्स आहे सोमीबाई, फुगडी नाही."

"म्हंजे एकटीनं जमते." फोन माझ्या हातात परत देत त्या म्हणाल्या, "मले शिकाचं आहे."

मी त्यांचं वय काढलं, गुडघे काढले, लांबचा रस्ता काढला. प्रत्येक मुद्द्याला एकच उत्तर, "पर एकटीनं जमते ना?" आठ दिवस हे ऐकून माझे कान किटले. शेवटी रविवारी सकाळची चंद्रपूरची पहिली एसटी धरली. वाटेतलं मूल गाव येईपर्यंत त्यांनी कंडक्टरच्या पायांचा अभ्यास केला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "याचा उजवा पाय बिचारा एकटाच नोकरी करून राह्यला."

कार्यशाळेत भिंतभर आरसे आणि पंधरा-वीस तरुण मुली. त्यांत हिरव्या लुगड्याचा काष्टा मारलेल्या सोमीबाई, आणि त्यांना सांभाळायला मी. प्रत्येकीला कमरेला बांधायला खोट्या नाण्यांचा रुमाल मिळाला. त्यांनी तो लुगड्यावरच आवळला. त्या चालल्या की शेळ्यांचा कळप आल्याचा भास होई.

शिकवणारी मुलगी नागपूरची. म्हणाली, "पाय स्थिर, फक्त कंबर हलवायची."

"पाय गाडून ठेवाचे तं मानसं काऊन बोलावता? झाडं बोलवाची."

मी जमिनीकडे पाहत राहिले. मग सूचना आली, दोघींमध्ये एका हाताचं अंतर ठेवा. सगळ्या पांगल्या. सोमीबाई मात्र सरकत सरकत माझ्याजवळ आल्या आणि त्यांचा डावा हात माझ्या कमरेभोवती पडला.

"आंटी, हात सोडिये," शिकवणारी म्हणाली.

सोडला. दोन मिनिटांनी परत तेच.

"सोमीबाई, हात!"

"गेला का? मले समजलंच नाई."

वैतागून मी पुढच्या रांगेत गेले. तर त्यांनी डावीकडे आलेल्या अनोळखी मुलीची कंबर धरली. तिला ते आवडलं, तिनं तिच्या शेजारणीची धरली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मागची अख्खी रांग एकमेकींना धरून डुलत होती आणि शिकवणारी कपाळाला हात लावून बसली होती.

डबा खाताना मी हात जोडले. "चार वाजता सगळ्यांसोबत मागच्या रांगेत उभ्या राहा. तेवढी तरी माझी लाज राखा."

"एकटीचं नाव देल्लं मी."

"लोक हसतील हो!"

"हासू दे. आज एकटीनं नाई जमलं तं मंग मले नाचताच नाई येणार कधी." डब्याचं झाकण त्यांनी दोनदा उलटंच लावलं. हे कसलं खूळ म्हणावं, मला कळेना.

चार वाजता त्या मंचावर गेल्या. संगीत सुरू झालं आणि बाई नुसत्या उभ्या. मागून कुणीतरी हसलं. मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो गप्प झाला. मग त्यांचे पाय हलले. बेली डान्स तो नव्हताच, पण पाऊल असं पडत होतं की टाळ्या आपोआप त्याच ठेक्यावर पडू लागल्या. उजवा हात शिकवल्याप्रमाणे वर. डावा मात्र कोपरात वाकलेला, पंजा किंचित वळलेला, हवेत एकाच जागी. नाच संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

परतीच्या बसमध्ये मी दिवसभराचं साठलेलं ओकले. "दिवसभर हात सोडा, हात सोडा! आणि ऐन वेळी तो डावा हात कुठे ठेवला होता?"

"कमलाच्या कमरेवर."

कमलाबाई त्यांची जाऊ. मागच्या वर्षी वारल्या, तेव्हा मी भेटायलाही गेले होते. सणाला त्यांच्या गावात बाया एकमेकींच्या कमरेत हात घालून रेला नाचतात, आणि चाळीस वर्षं ह्या दोघी शेजारी-शेजारी. कमलाबाई गेल्यापासून सोमीबाई त्या रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या, हे मला कुंपणापलीकडे राहून कळलं नव्हतं.

"एकदा गेल्ती," त्या म्हणाल्या. "हात गेला, तं दुसरीचीच कंबर लागली. जीव घाबरला माह्या. पळून आली. म्हनून म्हटलं, एकटीचा नाच शिकून घ्याव."

"मग? जमलं?"

"कुठी? एकटी म्हनून वर गेली, तं तेथी बी ते आलीच."

बस सुटली. त्या बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे पाहत होत्या.

"मॅडम, औंदा सणाले तिच्या जागी दुसरी उभी राहीन. तिच्या कमरेत हात घातला, तं कमलाले राग येईन का?"

मी त्यांचा तो डावा हात माझ्या हातात घेतला.

"नाही येणार."

"पक्कं?"

"पक्कं, सोमीबाई."

त्यांनी पदर तोंडावर ओढला आणि खिडकीकडे वळून रडायला लागल्या. तेवढ्यात कंडक्टर आला. "दोन धानोरा," मी अगदी हळू म्हणाले.