टबातले मजूर

हेवोनने टबात पुन्हा एकदा कोपर बुडवून पाहिलं. पाणी गार होतं. लेकीच्या आंघोळीच्या वेळीही तिने एवढी काळजी कधी घेतली नव्हती, आणि हेवोनची काळजी म्हणजे गावात दाखला द्यावा अशी. टबात कुरिअरने आलेल्या गोगलगायी होत्या. लावणी झालेल्या भातखाचरात सोडल्या की पाण्याखालचं कोवळं गवत त्या फस्त करतात, आणि पाण्यावर मान काढलेल्या रोपांना तोंड लावत नाहीत.

"म्हणे," असं सासरे प्रत्येक वेळी पुढे जोडायचे. "संध्याकाळपर्यंत तुझे मजूर खाचरात उतरले तर उतरले. नाहीतर मी तणनाशक मारणार. गवत काही तुझ्यासाठी थांबत नाही."

बोलून थांबणाऱ्यांतले ते नव्हते. न्हाणीघराच्या दाराशी त्यांचा पाठीवरचा नवा कोरा पंप उभा होता. गळतो का ते बघायला झाकण काढून त्यात नुसतं पाणी भरलेलं होतं. तणनाशकाची बाटली कपाटावर. आणि खाचराचं पाणी जायचं खालच्या ओढ्यात, जिथे अडीच वर्षांची सेबोम रोज फतकल मारून बसायची आणि सापडेल ते तोंडात घालायची. हेवोनच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता तो एवढ्याचसाठी.

गोगलगायी वाहून जाऊ नयेत म्हणून खाचराच्या तोंडाला जाळी लावायला हवी होती. ती आणायला हेवोन घाईघाईने निघाली. सासूबाई सकाळीच बहिणीकडून परतल्या होत्या.

"आई, सेबोमवर लक्ष ठेवाल ना?"

"अगं, तुझा नवरा मीच वाढवलाय."

म्हणूनच विचारतेय, असं हेवोन मनात म्हणाली.

दुकानातून तिने फोन केला. "काय करतेय ती?"

"गप्प खेळतेय."

"गप्प?"

"शहाणं पोर गप्पच खेळतं. ठेव फोन, माझं पातेलं उतू चाललंय."

पोर गप्प आणि पातेलं उतू. हेवोनने जाळी मोजूनही घेतली नाही.

घरात पाऊल टाकताच दोएनजांगचा, आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा, खमंग वास आला. सासूबाई आणि शेजारच्या ओकबुन मावशी कालवणाचे वाडगे पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

"ये, बस," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "माती सुटावी म्हणून गोगलगायी स्वच्छ पाण्यात घालून ठेवल्यास. मी ओकबुनला म्हटलं, सून शिकली हो स्वैपाक."

हेवोनच्या हातातली जाळी गळून पडली. "आई, त्या खायच्या नव्हत्या. त्या खुरपणीला आणल्या होत्या."

ओकबुन मावशींचा चमचा हवेतच राहिला. "म्हणजे मी मजूर खाल्ला?"

"तीन वाडगे," सासूबाई म्हणाल्या.

"तूच वाढलेस."

"तूच मागितलेस." सासूबाई हेवोनकडे वळल्या. "बरं, रडू नकोस गं. अर्ध्या ठेवल्यात टबात, रात्रीसाठी."

टब रिकामा होता. मग जी काही धावपळ झाली! सासूबाई कपाटाखाली आडव्या, मावशी चपलांच्या ढिगात, हेवोन कपडे धुण्याच्या मशीनमध्ये डोकं घालून. एक गोगलगाय आरशावर सापडली, एक सासऱ्यांच्या टोपीत.

"गोगलगाय अन् पोटात पाय," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "एवढ्याशा वेळात जाऊन जाऊन जातात कुठे?"

एवढ्यात सासरे आले. त्यांनी पातेल्यात पाहिलं, टबात पाहिलं आणि कपाटावरची बाटली खाली काढली.

"तुझे मजूर कामावर येण्याआधीच संपले, सूनबाई." त्यांनी पंपाच्या तोंडावर आत न बघताच झाकण फिरवलं आणि पंप पाठीला लावला. "औषध बांधावर मिसळतो. आधी पाण्याचा फवारा नीट उडतो का बघू."

हेवोन सेबोमला कडेवर घेऊन मागे धावली. तिच्या मागे सासूबाई, त्यांच्या मागे पोट धरून मावशी.

बांधावर सासऱ्यांनी दांडा हलवला. पंपाने उचकी दिली. आणखी जोरात हलवला. नळीतून एक थेंब आला आणि तोही विचार करून.

"नवा आहे," सासरे गुरगुरले. पंप उतरवून त्यांनी झाकण उघडलं, आत डोकावले आणि तसेच राहिले.

आतून गोगलगायी शिंगं काढून त्यांच्याकडे बघत होत्या. पंपाच्या तोंडातली गाळणी कुणीतरी काढून ठेवली होती आणि टबातल्या उरलेल्या सगळ्या गोगलगायी आत दाटीवाटीने बसल्या होत्या.

"भू भू केलं," सेबोम कडेवरून म्हणाली. आंघोळीला ती भू भू म्हणायची. "आजोबांच्या टबात."

सासऱ्यांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा ओढ्याकडे, एकदा नातीच्या तोंडाकडे. तिथे अंगठा होता. मग त्यांनी पंप हळूच आडवा केला आणि गोगलगायी एकेक करून खाचरात उतरल्या. हेवोनने जाळी बांधली.

"पंप चांगला आहे," सासरे शेवटी म्हणाले. "गळत नाही."

खाचरातलं गवत विरळ होत गेलं तसे सासरे बांधावर जास्त वेळ काढू लागले. एके सकाळी ओकबुन मावशींचा नवरा तिथे आला.

"सूनबाईंनी तण आवरलं म्हणायचं."

"सूनबाईंनी आणल्या नुसत्या," सासरे म्हणाले. "सोडायची एक पद्धत असते. बादलीने ओतल्या की मार लागतो त्यांना. मी पंपाने सोडल्या."

शेजाऱ्याने आदराने मान हलवली. "मग पंप देता का दोन दिवस?"

"पंप नेऊन काय करणार?" सासरे म्हणाले. "तो चालवायला आमची सेबोम लागते."